कांताची वही आणि ड्रममधले पाणी

दिवा (पूर्व),
मंगळवार, दुपारचे पावणेतीन.

आदरणीय भगवानदादा यांस,
कुंडलिकचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायचे असते म्हणून लिहिले आहे, त्यावर फार विसंबून राहू नये. खुलासा पुढे येईल.) तुमच्या गुडघ्याचे काय म्हणणे आहे? सकाळी खोपटच्या डेपोपर्यंत जाऊन जुन्या कंडक्टर मंडळींबरोबर चहा घेता, की तोही डॉक्टरांनी बंद केला? कानातले यंत्र वापरता का? मागच्या खेपेला मी तुम्हाला फोनवर सम्यकच्या डेंग्यूबद्दल सांगत होतो आणि तुम्ही दोनदा 'अभिनंदन' म्हणून फोन ठेवलात. (तुमचा भाचा आता बरा आहे. बंगळूरला आहे. रोज फोन करतो.) तेव्हापासून महत्त्वाचे काही कळवायचे तर ते लेखीच कळवावे असे मी ठरवले. शिवाय आमच्या दीड खोलीत फोनवर बोललेले तुमच्या बहिणीला, म्हणजे कांताला, ऐकू जाते, आणि या पत्रातले तिला ऐकू जाऊन उपयोगाचे नाही. ती आत्ता आत पडली आहे. मी तिला वीजबिलाबद्दल तक्रारअर्ज लिहितो आहे असे सांगितले आहे.

दादा, कांताच्या उजव्या फुप्फुसात गाठ निघाली आहे आणि ती कॅन्सरची आहे. हे वाक्य मी तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहून पाहिले. एकात 'किरकोळ' हा शब्द आला, दुसऱ्यात 'सदर गाठ' असे झाले, तिसऱ्यात गाठच आली नाही, नुसता खोकलाच आला. शेवटी सरळ लिहिले. जानेवारीत कळले. तिने जन्मात चुलीशिवाय कशाचा धूर घेतला नाही, तरी निघाली. डॉक्टर म्हणतात, असे होते. तुम्हाला कळवले नाही यात अर्धा दोष माझा आणि अर्धा कांताचा. वहिनी गेल्या त्या वर्षी तुम्ही सात महिने दवाखान्याच्या बाकावर काढलेत ते तिने डोळ्यांनी पाहिले आहे. "दादाला परत त्या बाकावर बसवायचं नाही," असे तिने मला बजावले आणि माझ्याकडून शब्द घेतला. तो शब्द मी आज मोडतो आहे. का, ते ओघात येईल. ओघात न आल्यास शेवटी येईल.

आता उपचाराबद्दल. (पैशाची काळजी नको, ते सम्यकच्या विम्यात बसले आहे.) केमो नाही, केस शाबूत आहेत. ठाण्यातल्या दवाखान्यात दर तीन आठवड्यांनी एक औषध सलाईनमधून देतात. आमच्या डॉक्टर म्हणजे डॉ. ऋतिका म्हात्रे. वय पस्तीसच्या आत, कळव्याच्या, आजोबा मिठागरात होते असे त्यांनीच सांगितले. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटले की बाई, आम्हाला समजेल असे सांगा, मी पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षे कारकुनी केलेला माणूस आहे, पाइपलाइनपलीकडे माझी मजल नाही. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या की आपल्या अंगात राखणदार पेशी फिरत असतात आणि दिसेल त्या पेशीला हटकत असतात, तू कोण, कुठली. पेशींची आपापसात खुणांची बोली चालते. काकूंची गाठ अशी बिलंदर आहे की राखणदार जवळ आला की ती त्याला ओळखीची खूण करते, आणि तो बिचारा घरचेच माणूस समजून पुढे जातो.

"काका, आमच्याकडं हळदीला हजार माणूस जेवतं," त्या म्हणाल्या. "एखादा बिनबोलावलेला येऊन पंगतीत बसला आणि वाढप्याला 'काय मामा, बरं ना' म्हणाला, की वाढपी त्याला आणखी एक वडा वाढतो. काकूंच्या गाठीनं तेच केलंय. आम्ही तिचं ते 'काय मामा' तेवढं बंद करतो. तिला हाकलायचं काम काकूंच्याच पेशी करतील."

मला हे इतके पटले की घरी येईपर्यंत मी रिक्षावाल्यालाही सांगितले. (त्याने विचारले की मग त्या माणसाने वडे किती खाल्ले. मी म्हटले चौतीस मिलिमीटर. गाठीचे माप तेवढे आहे.) मी डॉक्टरांना असेही विचारले होते की प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा चालेल का, कारण विहारातल्या तीन बायकांनी तीन प्रकारच्या गुळवेली आणून दिल्या होत्या. त्यांनी स्पष्ट 'नाही' म्हणून सांगितले. शक्ती कमी नाही, तिला निरोप चुकीचा मिळतो आहे, आपण निरोप दुरुस्त करतो आहोत, मध्ये काढे घालू नका. तिन्ही गुळवेली मी गच्चीवर लावल्या. दोन जगल्या आहेत.

पण दादा, त्यानंतर त्यांनी जे सांगितले त्याने माझी झोप गेली. त्या म्हणाल्या, एकदा वाढपी संशयी झाला की तो खऱ्या मामालाही पंगतीतून उठवतो. म्हणजे राखणदार मोकाट सुटले की गाठ सोडून चांगल्या अवयवांवरही जाऊ शकतात: आतड्यावर, कातडीवर, गळ्यातल्या ग्रंथीवर, चांगल्या फुप्फुसावर. म्हणून ताप, जुलाब, पुरळ, दम, काहीही झाले तर त्याच दिवशी फोन करायचा. दोन दिवस बघू असे म्हणायचे नाही, घरचे औषध द्यायचे नाही. वेळेवर कळले तर आवरता येते, उशीर झाला तर जिवावर बेतते. असे सांगून त्यांनी मला एक वही ठेवायला सांगितली. रोज काकूंना विचारायचे आणि लिहायचे.

वही म्हटल्यावर मला धीर आला. तुम्ही जाणता, माझे आयुष्य वह्यांत गेले. मी शंभर पानी वही आणली, लाल शाईने रकाने आखले: दिनांक, ताप, जुलाब, पुरळ, दम, थकवा, शेरा. पहिल्या संध्याकाळी कांता भाकऱ्या थापत होती, मी शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि एकेक रकाना विचारला. पाचही प्रश्नांना तिने मान वर न करता "काही नाही" असे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने विचारले की तुम्ही रोज असे विचारणार असाल तर मी माहेरी जाऊ का. (माहेर म्हणजे तुम्ही. म्हणजे तुम्हाला कळणार. म्हणजे ती जाणार नाही. हे दोघांनाही माहीत होते.) चौथ्या दिवसापासून मी विचारणे सोडले आणि लिहिणे चालू ठेवले.

आता इथे मला माझ्या खात्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. आमच्याकडे दर आठवड्याला तक्रारींचे विवरणपत्र वरती जायचे. तक्रार नसेल तर कोरे पाठवता येत नसे. प्रत्येक रकान्यात 'निरंक' लिहावे लागे. तक्रार असेल तर मात्र सोबत कारण, कार्यवाही, फेरतपासणी अशी तीन प्रपत्रे जोडावी लागत. तेव्हा कोणता शहाणा कारकून तक्रार लिहील? आम्ही निरंक लिहीत असू. दिवाळीच्या आधी तर पुढच्या तीन आठवड्यांचे निरंक एका दुपारी लिहून टाकायचे, आणि एकाच बैठकीतले वाटू नये म्हणून मध्येमध्ये पेन बदलायचे. बत्तीस वर्षांत मला त्यात काही गैर दिसले नाही. दादा, तिसरी सलाईन झाल्यानंतरच्या रविवारी मी जेवण करून बसलो आणि कांताच्या वहीत पुढच्या सोळा दिवसांचे निरंक लिहिले. निळे पेन, काळे पेन, मध्ये एकदा सम्यकचे जुने जेल पेन. अक्षर चांगले आले होते. मी कोणाचे वाईट चिंतून हे केले नाही. मला वाटते, मला तसेच घडायला हवे होते म्हणून मी लिहून ठेवले.

आणि त्याच आठवड्यात आमचे पाणी चोरीला जाऊ लागले. तुम्हाला आमची पाण्याची तऱ्हा ठाऊक आहे: दिवसाआड चाळीस मिनिटे, तेही धार करंगळीएवढी. दाराबाहेर गॅलरीत निळा ड्रम आहे, तो भरून ठेवतो, आणि दोघांना तो दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरतो. (पाणी खात्याचा माणूस दिव्यात राहून ड्रमकडे बघत बसतो यावर तुम्ही एकदा हसला होतात. हसा.) तर सोमवारी भरलेला ड्रम त्याच दुपारी तळाला. बुधवारी तेच. मी आधी गळती शोधली. ड्रमभोवती राख पसरून पाहिली, ओल नाही. मग मी ड्रमच्या आत खडूने रेघा मारल्या. त्या पाण्याने धुतल्या जातात हे माझ्या लक्षात यायला अर्धा दिवस गेला. मग बाहेरून पट्टी चिकटवून दर दोन तासांनी पातळी लिहायला लागलो. सकाळी आठ ते दहा, चार इंच. दहा ते बारा, पाच इंच. मला हुरूप आला होता, दादा, खोटे कशाला बोलू? तीन महिन्यांत पहिल्यांदा घरात असे काहीतरी बिघडले होते की जे मला मोजता येत होते.

संशय समोरच्या विकीवर गेला. पोरगा घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो आणि दिवसातून दोनदा अंघोळ करतो. मी खाली जाऊन सोसायटीचा सेक्रेटरी धनेश याला लेखी तक्रार दिली, तक्त्यासह. (धनेश म्हणजे आमच्या गोदाबाईंचा मुलगा. जमीन त्यांची, इमारत त्यांनीच उभी केली, तळमजल्यावर राहतात.) धनेशने तक्ता उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, मी बोलतो विकीशी." मी टेन्शन घेतले. शुक्रवारी सकाळी मी बाजारातून साखळी आणि कुलूप आणले, ड्रमचे झाकण आवळून कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि विकीला सरळ करायला त्याच्याकडे जाऊन बसलो. त्याने चहा केला. मी त्याला पाण्याच्या काटकसरीवर पाऊण तास व्याख्यान दिले. तो बिचारा 'हो काका' म्हणत राहिला आणि शेवटी म्हणाला की माझी एक बादली तुम्ही ठेवून घ्या.

मी तिथून उठेपर्यंत गोदाबाई वर आल्या होत्या. पदर खोचलेला, हातात रिकामी बादली. वय सत्तर, पण जिना चढून दम लागला नव्हता. राग आला होता. गॅलरीतच त्या मला म्हणाल्या, "आरं कुंडलिक, कुलूप कोनाला लावतंस? तुजी बाय सकालपास्ना नव दा गेली. माज्या दारान येवून बादली मागतंय. पानी कोन चोरतंय त मना माहीत हाय, तुला नाय."

दादा, चार दिवस. चार दिवस कांता दिवसाला आठ-नऊ वेळा जात होती आणि मला म्हणत होती काही नाही. मी बाजारात गेलो की जात होती, मी पातळी लिहून आत आलो की बाहेर येऊन पाणी घेत होती. माझ्या तक्त्यात तिचे सगळे जाणे-येणे इंचांत लिहिलेले होते आणि मी ते विकीच्या नावावर मांडले होते. मी कुलूप काढायला गेलो तर किल्ली लागेना. गोदाबाईंनी किल्ली माझ्या हातातून घेतली आणि त्यांनीच कुलूप काढले. आत कांता भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. मी विचारले, का नाही सांगितलेस. तिने आधी घोटभर पाणी घेतले. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर औषध बंद केलं असतं त्यांनी. दुसरं काय आहे आपल्याकडे?" आणि लगेच म्हणाली की विकीला उगाच बोललात, त्याची माफी मागा.

धनेशने गाडी काढली. शिळफाट्यावरून ठाण्यापर्यंत मी मागच्या सीटवर कांताचा हात धरून बसलो होतो आणि दुसऱ्या हातात वही होती. ती मी का घेतली ते मला सांगता येणार नाही. दवाखान्यात जाताना कागद बरोबर असावा, एवढेच डोक्यात असणार. डॉ. म्हात्रे यांनी कांताचे पोट तपासले, नाडी पाहिली, नर्सला दोनतीन गोष्टी भराभर सांगितल्या आणि मग माझ्याकडून वही मागितली. त्या एकेक पान उलटत गेल्या. मी दाराच्या चौकटीकडे बघत होतो. आमच्या खात्यात इतक्या लक्षपूर्वक ते रकाने कधी कोणी वाचले नव्हते. शेवटी त्यांनी एका पानावर बोट ठेवले आणि अगदी हळू विचारले, "काका, काकूंना पुढच्या गुरुवारी जुलाब होणार नाहीत हे तुम्हाला आजच कसं कळलं?"

त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या की काकूंच्या आतड्यावर त्यांच्याच पेशी चालून गेल्या आहेत, असे होऊ शकते हे आपल्याला माहीत होते, म्हणूनच वही होती. अजून दोन दिवस गेले असते तर आतडे फाटले असते. आणि कांताकडे वळून म्हणाल्या की काकू, तुम्ही सांगितलं असतं तर मी औषध थोडे दिवस थांबवलं असतं, सांगितलं नाहीत म्हणून मला आता जास्त दिवस थांबवावं लागणार. कांताने मान खाली घातली. तीस वर्षे अंगणवाडीत दुसऱ्यांच्या मुलांची वजने शंभर ग्रॅमही इकडची तिकडे न करता लिहिणारी ही बाई, स्वतःच्या बाबतीत गाठीसारखीच वागली: जो विचारायला आला त्याला 'घरचंच आहे, पुढे जा' सांगून परत पाठवले. आणि मी राखणदार कसला, मी वाढपी. मी वडे वाढत बसलो.

पाच दिवस दवाखान्यात होती. राखणदारांना आवरायला स्टेरॉइड दिले, जुलाब थांबले, घरी आलो. आता गोळ्या हळूहळू कमी करत आणताहेत. या गोळ्यांचा एक गुण असा की माणसाला भूक आणि उत्साह दोन्ही येतात. कांता पहाटे उठून फळ्या पुसते. भांड्यांची मांडणी तिने तीनदा बदलली. मला चहाची गाळणी काल पांघरुणांच्या कपाटात सापडली. मध्येच एकदम चिडते आणि मग चिडल्याबद्दल स्वतःच हसते. विकीकडे मी माफी मागायला गेलो तर त्याने पुन्हा चहा केला, त्यामुळे ती माफी नीट पार पडली असे मला वाटत नाही. कुलूप गोदाबाईंनी जप्त केले आहे.

वही आता कांता स्वतः लिहिते. मला हात लावू देत नाही. त्यात ती खरे लिहिते असे मला वाटते, कारण काल शेऱ्याच्या रकान्यात 'नवरा सारखा तोंडाकडे बघतो' असे लिहिलेले मी पाहिले. मूळ औषध पुन्हा सुरू करायचे की नाही हे अजून ठरायचे आहे. मी कांतापुढे फार धीराचा असतो. बाहेर गॅलरीत आलो की नसतो. एक्केचाळीस वर्षांत मी एकट्याने कधी काही ठरवले नाही, ठरवायची ती, मी फक्त सही करायचो. आणि आता तिच्याबद्दलच ठरवायची वेळ आली तर मला कोणाकडे जावे ते कळत नाही. हे तुम्हाला लिहिताना मला लाज वाटत नाही, कारण तुम्ही या वाटेने गेला आहात.

असो. पत्र लांबले. प्रकृतीला जपा, गुडघ्याला तेल लावत जा, कानातल्या यंत्राची बॅटरी तपासा. कांताची काळजी करू नये. हे पत्र धनेश उद्या ठाण्याला येणार आहे त्याच्या हाती पाठवतो. त्याला चहा द्यावा, बिनसाखरेचा, आणि त्याच्याजवळ या पत्राची वाच्यता करू नये, कारण तो सर्व आईला सांगतो आणि त्याची आई सर्व कांताला सांगते.

आपला नम्र,
कुंडलिक

ता. क. वरील सर्व मजकूर केवळ माहितीसाठी आहे. आपण येण्याची आवश्यकता नाही. आपला गुडघा पाहता ते योग्यही नाही.

ता. क. दुसरा. तरीसुद्धा या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ठाण्यात आपले काही काम निघत असल्यास (आपण ठाण्यातच राहता हे माझ्या लक्षात आहे) त्या दवाखान्यासमोरून जावे. पत्ता पाठीमागे लिहिला आहे. मी गेटवर उभा असेन. योगायोगाने भेटलो असे कांताला सांगता येईल.

ता. क. तिसरा. दादा, आता खरे लिहितो. कांताच्या छातीचा नवीन सीटी स्कॅन गेल्या आठवड्यात झाला. त्याचा रिपोर्ट शनिवारीच माझ्या हाती आला आहे. मी तिला तो शुक्रवारी थेट डॉक्टरांकडे येणार असे सांगितले. लिफाफा बंदच आहे, माझ्या पेन्शनच्या फायलीत आहे, आणि मी दिवसातून चारदा फाइल उघडून तो बघून परत ठेवतो. मला तो उघडवत नाही. तुम्ही या आणि तो उघडा. तुम्ही वाचा, आणि आधी मला सांगा, मग तिला कसे सांगायचे ते आपण दोघे मिळून ठरवू. मला हे एकट्याने होत नाही. यासाठीच पत्र लिहिले.

दादा, मी कांता. हे खाली पाकीट आणायला गेलेत तेवढ्यात लिहिते आणि पानं घडी घालून ठेवते, हे परत उघडून बघणार नाहीत. वीजबिलाची तक्रार म्हणे. वीजबिलाला कोणी सहा पानं लिहीत नाही.

बाकी सगळं यांनी बरोबर लिहिलंय. आठ-नऊ वेळा नाही, दहा वेळा जात होते, एवढीच दुरुस्ती. तो लिफाफा मला रविवारीच सापडला, फायली पुसताना. मी उघडला, वाचला आणि भाताचं शीत लावून परत चिकटवला. इंग्रजी सगळं कळलं नाही, पण आकडे मला कळतात. गाठ चौतीसची एक्केचाळीस झाली आहे. मोठी झाली आहे.

डॉक्टरबाईंनी मला हे आधीच सांगून ठेवलं होतं, दवाखान्यात यांना खाली औषधं आणायला पाठवलं होतं तेव्हा. म्हणाल्या, या औषधात पहिल्या फोटोला गाठ कधीकधी मोठी दिसते, कारण राखणदार पेशी तिच्यात शिरून गर्दी करतात. क्वचित होतं, पण होतं. आणि कधीकधी ती खरंच वाढलेली असते. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. शुक्रवारी त्या काय ते बोलतील, नाहीतर अजून महिनाभर थांबून परत फोटो काढायला सांगतील.

वहिनीनंतर तुला हे परत नको, असं मीच म्हणाले होते. पण मला भीती वाटते दादा. तीन दिवस झाले, मी फळ्या पुसत फिरते, कारण बसले की रडू येईल, आणि मी रडले तर हे पडतील. यांना मी काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नको. गुडघा दुखत असला तर रिक्षा कर, पण ये. शुक्रवारी आत जाताना यांना तू धर, म्हणजे मला रडता येईल.